यादी भरतांना येणारा ‘नल’ दोष व त्याचा शोध

वरच्या वर्गांतील विद्यार्थी संगणकाचे प्रोग्राम लिहावयास शिकूं लागले, कीं थोड्याच दिवसांत एका दोषाशीं त्यांची गांठ पडते. प्रोग्राम बिनचूक लिहिला आहे असें वाटतें. तो तपासून यंत्राच्या भाषेंत उतरविणारा कंपायलर कांहीं तक्रार करीत नाहीं. आणि तरीहि नांवांची यादी पडद्यावर भरूं लागतांच सारें काम मध्येंच थांबतें व ‘नल रेफरन्स’ अशा मजकुराची खिडकी समोर येते. नवशिका विद्यार्थी येथें गोंधळतो. दोन ओळी पुसतो, तीन नव्या लिहितो, आणि दैवयोगानें दोष नाहींसा झाला तर कारण न समजतांच पुढें जातो. ही रीति बरी नव्हे. ह्या दोषाचें स्वरूप काय, तो कोठें उत्पन्न होतो, तो शोधावा कसा, आणि शोधतांना कोणता मोह टाळावा, एवढें ह्या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. उदाहरणासाठीं सी शार्प ही भाषा व विंडोजवरील प्रोग्रामांत वापरली जाणारी ‘लिस्टबॉक्स’ नांवाची यादीची चौकट घेतली आहे. परंतु सांगितलेलें बहुतेक सर्व जावासारख्या इतर भाषांसहि लागू पडतें. ज्या पालकांस ह्या विद्येचा परिचय नाहीं, त्यांनींहि हा लेख बाजूस ठेवूं नये. कारण यादींतून एखाद्या मुलाचें नांव गळणें हा विषय त्यांचाहि आहे.

नांव आणि वस्तु

प्रथम एक भेद नीट ध्यानांत घ्यावा. संगणकाच्या स्मृतींत एखादी वस्तु असणें ही एक गोष्ट, व त्या वस्तूकडे नेणारें नांव असणें ही दुसरी. पत्र पाठवितांना आपण पाकिटावर पत्ता लिहितों. पत्ता म्हणजे घर नव्हे. तो घराकडे नेणारा निर्देश होय. त्याचप्रमाणें प्रोग्राममध्यें ‘विद्यार्थी’ हें नांव लिहिलें, तर त्या नांवाच्या पोटीं विद्यार्थ्याची सारी नोंद नसते. ती नोंद स्मृतींत कोठें आहे तेवढें दाखविणारा निर्देश असतो. ह्या निर्देशासच रेफरन्स म्हणतात. सी शार्प भाषेंत अशीं नांवें देवनागरींतहि लिहितां येतात, म्हणून पुढील उदाहरणांत आम्ही मराठी नांवेंच वापरणार आहों.

आतां पाकीट तयार आहे, तिकीट लावलें आहे, पण पत्त्याची जागा कोरी आहे, अशी कल्पना करा. ही कोरी जागा म्हणजे ‘नल’. लॅटिन भाषेंतील ‘एकहि नाहीं’ ह्या अर्थाच्या शब्दावरून तो आला आहे. दमयंतीच्या नळराजाशीं त्याचें कांहीं नातें नाहीं. असें पाकीट टेबलावर पडून राहिलें तर कोणाचें बिघडत नाहीं. परंतु ‘ह्या पत्त्यावर जाऊन दार ठोठाव’ अशी आज्ञा पोस्टमनास केली, कीं तो बिचारा जाणार कोठें? तो जागच्या जागीं थांबतो. संगणकहि तसाच थांबतो व सांगतो कीं, तुमचा निर्देश कोणत्याहि प्रत्यक्ष वस्तूस लावलेला नाहीं. डॉटनेट प्रणालींतील त्या इंग्रजी संदेशाचा अर्थ एवढाच आहे.

नल आणि रिकामा शब्द हे मात्र एक नव्हेत. उत्तरपत्रिका कोरी देणें निराळें, आणि परीक्षेस न येणें निराळें. पहिल्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका हातांत धरतां येते, तिचीं पानें मोजतां येतात. दुसऱ्याची उत्तरपत्रिकाच नाहीं, मग तिचीं पानें मोजा असें कोणीं सांगितलें तर काय मोजावें? रिकाम्या शब्दाचीं अक्षरें विचारलीं तर संगणक ‘शून्य’ असें उत्तर देतो. नलचीं अक्षरें विचारलीं तर तो थांबतो.

ह्या नलचा इतिहासहि जाणण्याजोगा आहे. १९३४ सालीं कोलंबो येथें जन्मलेले ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर ह्यांनीं १९६५ सालीं ‘अल्गोल डब्ल्यू’ ह्या भाषेसाठीं निर्देशांची व्यवस्था आंखतांना तींत नलची सोय ठेविली. कारण ती ठेवणें फार सोपें होतें. पुढें अनेक भाषांनीं तीच सोय उचलली. २००९ सालीं लंडन येथील एका परिषदेंत होअर ह्यांनीं ही आपली अब्ज डॉलरांची चूक असल्याचें स्वतःच जाहीरपणें सांगितलें. क्विकसॉर्ट ही नांवाजलेली क्रम लावण्याची पद्धति शोधणाऱ्या, आणि १९८० चें ट्युरिंग पारितोषिक मिळविणाऱ्या विद्वानाचे हे उद्गार आहेत, हें विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

एक उदाहरण

आतां प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. एका वर्गांत ४० विद्यार्थी आहेत. त्यांची नोंद एका फाइलींत असून प्रत्येक ओळींत विद्यार्थ्याचें नांव, मग स्वल्पविराम, आणि मग पालकाचें नांव असा क्रम आहे. पडद्यावर एक लिस्टबॉक्स आहे, त्याचें नांव ‘यादी’. व खालीं ‘यादी भरा’ असें एक बटण आहे. बटण दाबतांच प्रोग्राम दोन कामें करतो. पहिल्या कामांत तो फाइलींतील एकेक ओळ वाचतो व ‘विद्यार्थी’ ही वस्तु तयार करतो. स्वल्पविरामापुढें नांव असेल तर ‘पालक’ ही वस्तु तयार करून ती त्या विद्यार्थ्यास जोडतो. दुसऱ्या कामांत तो प्रत्येक विद्यार्थ्याचें नांव व पालकाचें नांव जोडून यादींत घालतो. हें दुसरें काम एकाच ओळींत लिहिलेलें आहे: यादीच्या आयटेम्समध्यें ‘विद्यार्थी.नांव’ व ‘विद्यार्थी.पालक.नांव’ हीं एकत्र करून घालावीं.

बटण दाबलें. १७ नांवें यादींत गेलीं आणि अठराव्या विद्यार्थ्याशीं प्रोग्राम अडला. नल रेफरन्सचा संदेश आला व संगणकानें त्या ओळीचा क्रमांक सांगितला. येथें शोधास आरंभ होतो.

शोधाची रीति

पहिली पायरी, संदेश सावकाश वाचणें. दोषाचा प्रकार, ज्या कार्यांत तो घडला त्याचें नांव, फाइल व ओळीचा क्रमांक ह्या चार गोष्टी वहींत उतरून घ्याव्यात. दोषाच्या प्रकाराकडे विशेष लक्ष द्यावें. यादींत घालावयाची वस्तुच नल असेल, तर लिस्टबॉक्स ‘आर्ग्युमेंट नल’ नांवाची निराळी तक्रार करतो. नांवें सारखीं वाटतात म्हणून दोन्ही दोष एक समजूं नयेत.

दुसरी पायरी, टिंबें मोजणें. प्रोग्राममधील प्रत्येक टिंब ही ‘डावीकडच्या पत्त्यावर जा’ अशी आज्ञा आहे. म्हणून टिंबाच्या डाव्या बाजूचें नांव नल असेल तरच खोळंबा होतो. उजव्या बाजूस शेवटीं जें मिळतें तें नल असलें तरी त्या टिंबाशीं दोष येत नाहीं. पालकाची नोंद आहे पण तिच्यांतील नांव मात्र नल आहे, असें असतें तर सी शार्पनें तेथें कांहींच न जोडतां काम पुढें नेलें असतें. आपल्या ओळींत टिंबांच्या डावीकडे यादी, तिचे आयटेम्स, विद्यार्थी आणि पालक हीं चार नांवें आहेत. आयटेम्स हा संग्रह लिस्टबॉक्स स्वतःच सिद्ध ठेवितो, तेव्हां तो सोडावा. राहिले तिघे संशयित.

तिसरी पायरी, तर्कानें संशयित कमी करणें. यादींत १७ नांवें सुखरूप गेलीं आहेत. अर्थात् यादी नल नाहीं. उरले विद्यार्थी आणि पालक.

चौथी पायरी, प्रत्यक्ष पाहणें. व्हिज्युअल स्टुडिओमध्यें त्या ओळीवर जाऊन एफ ९ ही कळ दाबली, कीं तेथें ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबण्याची खूण, बसते. मग एफ ५ दाबून प्रोग्राम चालविला, तर तो त्या ओळीपाशीं येऊन उभा राहतो. अशा वेळीं एखाद्या नांवावर माउसचा बाण नेला असतां त्याच्या पोटीं काय आहे तें दिसतें. ४० वेळां थांबण्याचा कंटाळा येत असेल तर ‘पालक नल असेल तेव्हांच थांब’ अशी अट त्या खुणेस घालतां येते. हें साधन हाताशीं नसेल तर ती लांब ओळ मोडून तिच्या तीन लहान ओळी कराव्यात. म्हणजे ओळीचा क्रमांकच अपराध्याचें नांव सांगेल. आपल्या उदाहरणांत विद्यार्थी जागेवर आहे, पालक नल आहे, असें आढळून येतें.

पांचवी पायरी सर्वांत महत्त्वाची असून नेमकी तीच वगळली जाते. दोष जेथें प्रगट होतो तेथें तो बहुधा जन्मलेला नसतो. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशीं थांबला, म्हणून अपराध गल्लीचा नव्हे. पत्ता लिहावयाचा राहिला तो पत्र लिहिणाऱ्याच्या टेबलाशीं. तेव्हां ‘पालक’ ह्या नांवास वस्तु जोडावयाची होती कोठें, हा प्रश्न विचारून प्रोग्राममध्यें मागें मागें जावें. तसें गेलें असतां आपण फाइल वाचण्याच्या कामाशीं पोंचतों, आणि फाइल उघडून पाहतां अठराव्या ओळींत स्वल्पविरामापुढें कांहींच लिहिलेलें नाहीं असें दिसतें. सव्विसाव्या व तेहेतिसाव्या ओळींतहि तोच प्रकार. शोध येथें पुरा झाला.

अडण्याच्या तीन जागा

यादी कोणत्या नांवाशीं अडली हें पाहूनहि बराच अंदाज बांधतां येतो. विद्यार्थ्यांनीं पुढील खूणगांठ बांधून ठेवावी.

यादी पहिल्याच नांवाशीं अडली, तर चौकट किंवा संग्रह सिद्ध आहे कीं नाहीं तें पाहावें. पडद्यावरील लिस्टबॉक्स, बटणें वगैरे ‘इनिशियलाइज कंपोनंट’ ह्या कार्यांत तयार होतात. त्या कार्याच्या वरच यादी भरण्याची ओळ लिहिली, तर भांडें घडण्यापूर्वींच त्यांत पाणी ओतल्यासारखें होतें. तसेंच ४० विद्यार्थ्यांसाठीं ४० घरांची रांग, म्हणजे ॲरे, निर्माण केली म्हणजे ४० विद्यार्थी निर्माण होत नाहींत; प्रत्येक घरांत आरंभीं नलच असतो, आणि प्रत्येक विद्यार्थी निराळा घडवून त्या घरांत बसवावा लागतो. ही चूक फार सामान्य आहे.

यादी मधल्याच नांवाशीं अडली, तर चौकटीवर संशय न घेतां त्या नांवाची नोंद पाहावी. वरील उदाहरण ह्याच वर्गांतलें होय.

यादी शेवटच्या नांवानंतर अडली, तर वाचनाचा शेवट तपासावा. फाइल संपली म्हणजे ‘रीडलाइन’ हें कार्य ओळीऐवजीं नल परत देतें. हें न तपासतां मिळालेल्या ओळीच्या कडेची मोकळी जागा छाटावयास गेलें, कीं चाळिसावें नांव घातल्यावर दोष येतो. फाइलींत मध्येंच कोरी ओळ असली तर मात्र रिकामा शब्द मिळतो, नल मिळत नाहीं. उत्तरपत्रिकेचा वर सांगितलेला भेद येथें उपयोगीं पडतो.

यादी भरून झाल्यावरहि एक प्रसंग उरतो. कोणतेंहि नांव निवडलेलें नसतां लिस्टबॉक्सला ‘निवडलेली वस्तु कोणती’ असें विचारलें, तर तो नल देतो. म्हणून निवड झाली आहे कीं नाहीं, हें आधीं पाहून मगच त्या वस्तूस हात लावावा.

झांकण्याचा मोह

दोष सांपडला, आतां उपाय. येथें दोन वाटा फुटतात, आणि त्यांपैकीं सोपी वाट वाईट आहे.

सोपी वाट अशी. जी ओळ अडते तिच्याभोंवतीं ‘ट्राय’ व ‘कॅच’ ह्यांचें कुंपण घालावें आणि कॅचच्या पोटांत कांहींच लिहूं नये. म्हणजे दोष आला तरी तो गिळला जाईल व फेरा पुढच्या विद्यार्थ्याकडे वळेल. किंवा ‘पालक नल असेल तर हा विद्यार्थी सोडून दे’ अशी एक अट लिहावी. दोन मिनिटांत काम होतें. संदेश येत नाहीं, प्रोग्राम अडत नाहीं, पडद्यावर सुरेख यादी दिसते. ती यादी छापून सूचनाफलकावर लागते. फक्त तींत ४० ऐवजीं ३७ नांवें असतात.

हीं गळलेलीं तीन नांवें कोणाचीं, हा विचार करा. ज्यांच्यापुढें पालकाची नोंद नाहीं, नेमकीं त्यांचीं. एखाद्याचे आईबाप हयात नसतील. एखादी मुलगी वसतिगृहांत राहत असेल व तिचा अर्ज अपुरा राहिला असेल. एखाद्याचा कागद कचेरींत यावयाचा असेल. ज्यांच्या वतीनें चौकशी करावयास घरचें माणूस सहसा येत नाहीं, तींच मुलें त्या अटीनें यादींतून वगळलीं जातात. यादी शिष्यवृत्तीची असो, परीक्षेच्या अर्जांची असो, वा पुस्तकें वांटण्याची असो. नांव नाहीं म्हणजे हक्कहि नाहीं. प्रोग्राम अडला होता तेव्हां तो निदान खरें बोलत होता. आतां तो गप्प आहे, आणि त्या मौनाची झळ दुसऱ्यास लागते.

असेंच एक नाजूक शस्त्र २०१५ पासून सी शार्पमध्यें आहे. टिंबापूर्वीं प्रश्नचिन्ह लिहिलें, तर डावीकडचें नांव नल असतां पुढचें काम मुकाट्यानें सोडून दिलें जातें. योग्य जागीं हें चिन्ह फार उपयोगी आहे. परंतु तें ‘यादी’ ह्या नांवापुढेंच लावलें आणि यादीच नल असली, तर एकहि नांव भरलें जाणार नाहीं व कोणतीहि तक्रार येणार नाहीं. चिन्ह लावण्यापूर्वीं ‘येथें नल असणें रास्त आहे काय?’ असें स्वतःस विचारावें.

खरा उपाय

दुसरी वाट जरा लांबची, पण सरळ आहे. प्रथम रिकाम्या जागेचा अर्थ ठरवावा. पालकाची नोंद नसणें हें ह्या शाळेंत चालण्यासारखें आहे काय? ह्याचें उत्तर प्रोग्राम लिहिणारानें मनानें देऊं नये. तें वर्गशिक्षकांस किंवा कचेरीस विचारावें. चालण्यासारखें असेल, तर विद्यार्थ्याचें नांव यादींत आलेंच पाहिजे व त्यापुढें ‘पालकांची नोंद नाहीं’ असें स्पष्ट लिहिलें पाहिजे. चालण्यासारखें नसेल, तर फाइल वाचतांनाच ‘अठराव्या ओळींत पालकाचें नांव नाहीं’ असें सांगून ती नोंद पुरी करवून घ्यावी. दोन्ही प्रकारीं विद्यार्थी हरवत नाहीं.

दुसरें, नांव योजिलें कीं त्यास वस्तु जोडण्याची संवय ठेवावी. संग्रह रिकामा असला तरी चालेल, पण तो नल नसावा. एखाद्या वर्गांत कोणी विद्यार्थी नसेल, तर त्या वर्गाचा शोध घेणाऱ्या कार्यानें नल न देतां रिकामी यादी द्यावी. रिकाम्या यादीवरून फेरा सुखानें जातो. नल मिळाल्यास तो पहिल्याच पावलास अडतो.

तिसरें, भाषेची मदत घ्यावी. २०१९ सालीं आलेल्या सी शार्पच्या आठव्या आवृत्तीपासून कोणतें नांव नल असूं शकेल व कोणतें असूं नये हें आधींच लिहून ठेवतां येतें, आणि कंपायलर धोक्याच्या जागीं सूचना देतो. २०१६ सालीं पहिली पक्की आवृत्ति निघालेल्या कोटलिन भाषेंत तर अशा जागीं प्रोग्राम पुढें जाऊंच दिला जात नाहीं. जावाच्या २०२० मधील चौदाव्या आवृत्तींत, ओळींतील कोणतें नांव नल होतें तें संदेशांतच सांगण्याची सोय आली. ह्या सूचना त्रासदायक वाटून बंद करणारे पुष्कळ असतात. विद्यार्थ्यांनीं तसें करूं नये.

चौथें व शेवटचें, मोजून पाहावें. फाइलींत ओळी किती वाचल्या आणि यादींत नांवें किती गेलीं, हे दोन आंकडे पडद्याच्या तळाशीं दाखवावे. ४० आणि ४० दिसले तर ठीक. ४० आणि ३७ दिसले तर कोणी तरी विचारील. हा उपाय एका ओळीचा आहे आणि त्यास मोठी विद्वत्ता लागत नाहीं.

तात्पर्य इतकेंच कीं, नलचा दोष हा शत्रु नव्हे. एक नोंद अपुरी आहे असें वेळेवर सांगणारा तो चौकीदार आहे. त्याचें तोंड बंद करण्यापूर्वीं तो काय सांगतो तें ऐकावें, तो ज्या दिशेस बोट दाखवितो तिकडे मागें जावें, आणि रिकाम्या जागेचा अर्थ कळल्यावरच ती भरावी.

स्वाध्याय

१. यादी पहिल्याच नांवाशीं अडली आहे. विद्यार्थ्यांचा संग्रह मात्र भरलेला व निर्दोष आहे. प्रथम कोणती ओळ कोणत्या ओळीच्या खालीं आहे तें पाहाल?

२. ‘विद्यार्थी.पालक.गांव.नांव’ ह्यांत किती जागीं खोळंबा होऊं शकेल? कोणत्या नांवाच्या नल असण्यानें होणार नाहीं, व कां?

३. आपल्या वर्गाची एखादी छापील यादी घ्या, तींतील नांवें मोजा व हजेरीपटाशीं ताडून पाहा. फरक आढळल्यास तो कोणाच्या नांवाचा आहे, तें वर्गशिक्षकांस त्याच दिवशीं सांगा.